घंटेची खाट

फेफऱ्याचं माझं दुखणं तसं फार शिस्तीचं होतं. ते दिवसा कधी आलं नाही. शाळेत नाही, बाजारात नाही, पाहुण्यांसमोर नाही. यायचं ते पहाटे, कोंबडा आरवायच्या सुमारास, मी गाढ झोपेत असताना. त्यामुळे माझ्या आजारपणाची सगळ्यात कमी माहिती कुणाला असेल, तर ती मला. मी जागी होई तेव्हा सगळं आटोपलेलं असे. जीभ चावलेली, अंग कुटल्यासारखं दुखत, परकर ओला, आणि भोवतीची माणसं माझ्याकडे अशी बघत, जणू मी आत्ताच लांबच्या गाडीतून उतरले आहे.

हे लिहिते आहे ते अशा घरांसाठी, जिथं झोपेत फिट येणारं माणूस आहे आणि त्या माणसापेक्षा बाकीचेच जास्त जागतात. औषधाचं डॉक्टर सांगतील. मी माझ्या खाटेचं सांगणार आहे.

कांदा, चप्पल आणि आजा

आमचं गाव कवठे महांकाळच्या पुढचं, कोरडवाहू. घर धनगराचं. वडील, म्हणजे आप्पा, मोठा कळप घेऊन वर्षातले सात-आठ महिने कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात असत. तिकडचे बागायतदार खतासाठी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेत आणि धान्य देत. घरी मी, आई आणि माझा आजा. आजा म्हणजे आप्पांचे वडील. त्याच्याजवळ वीसेक मेंढ्या होत्या. गुडघे गेल्यामुळे लांब जाता येत नाही, याचा राग तो रोज सगळ्या गावावर काढत असे.

पहिली फिट आली तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. आईनं आरडाओरडा केला, शेजारीपाजारी धावले. कुणी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी चप्पल हुंगवली, कुणी दातांत पळी घालायला बघितलं. मी शुद्धीवर आले ती कांद्याच्या वासातच. पुढं दोन वर्षं मला कांद्याची भाजी नकोशी झाली होती, एवढाच त्या उपचाराचा गुण.

नंतर देवऋषी झाला, अंगारा झाला, दंडाला ताईत झाला. फिट मात्र महिन्या-दीड महिन्यानं येतच राहिली. शेवटी एक दिवस आजानं काठी उचलली.

"मेंढराला रोग झाला तर आमी डाक्टर बगतो, आन पोरीला झाला तर धूप घालतो व्हय? चल गं कमळे, सांगलीला."

फळा काय झोपेत लिहायचा आहे?

सांगलीच्या दवाखान्यात मला सहा दिवस ठेवून घेतलं. लोखंडी कॉट, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे. मी पडू नये म्हणून सिस्टरनी ते वर करून ठेवले. पडले नाहीच. पण दुसऱ्या दिवशी पहाटे फिट आली तेव्हा कपाळ त्याच कठड्यावर चार-पाच वेळा आपटलं आणि टेंगूळ आलं. सिस्टर फार हळहळल्या. त्यांनी मग दोन चादरींच्या वळकट्या करून कठड्यांना बांधल्या आणि मऊ उशी काढून घेतली, तोंड रुतून श्वास अडू नये म्हणून. या दोन गोष्टी आजानं नीट बघून ठेवल्या.

आजा माझ्या कॉटखाली घोंगडं टाकून झोपत असे.

"आजोबा, कॉटखाली झोपायचं नसतं," सिस्टर रोज म्हणत.

"वर जागा न्हाई, बाई," आजा रोज म्हणे.

सकाळी सहाला ताप बघायचा, सातला चहा, नऊला डॉक्टर. दुपारी शेजारच्या कॉटवरची बाई आपल्या सुनेची गाऱ्हाणी सांगत असे. ती ऐकायला मला इतकी मजा यायची की घरी जायची घाई उरली नाही. पण चौथ्या दिवशी डॉक्टरांनी मला, आईला आणि आजाला समोर बसवून सांगितलं, "हिला मिरगी आहे. झोपेत येणारी."

आई रडायला लागली. मी घाबरले, कारण डॉक्टरांचा चेहरा गंभीर होता आणि मला वाटलं, पुढचं वाक्य मरणाचं असणार. पुढचं वाक्य होतं, "गोळी एकही दिवस चुकवायची नाही." त्यानंतर, झोप पुरी घ्यायची. फिट आली तर धरून दाबायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही, एका कुशीवर वळवायचं आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर चालली तर दवाखाना गाठायचा. गोळ्यांनी फिट कमी होतील, पण अधूनमधून येतील, तेव्हा झोपेत कुणीतरी जवळ हवं.

मी धीर करून विचारलं, "मला मास्तरीण होता येईल?"

"का नाही?" डॉक्टर म्हणाले. "फळा काय झोपेत लिहायचा आहे?"

सगळ्यात आधी हसला आजा, मग मी. आईला हसू यायला मात्र पुढं बराच काळ जावा लागला.

पदराची गाठ

'कुणीतरी जवळ हवं' हे आईनं असं मनावर घेतलं की रोज झोपताना ती आपल्या पदराचं टोक माझ्या मनगटाला बांधू लागली. मी कूस बदलली की पदर ओढला जाई आणि ती ताडकन उठून बसे. मी रात्रीतून दहा वेळा कूस बदलणाऱ्यांतली. दोन वर्षांत आईचे डोळे खोल गेले. भाकरी थापताना ती डुलक्या घेई. एकदा तर तव्यावरची भाकरी कोळसा झाली आणि ती चुलीपुढं बसल्या बसल्या झोपलेली.

मला अपराधी वाटायचं. आणि खरं सांगायचं तर रागही यायचा. सतरा वर्षांची घोडी मी, आणि वासरासारखी बांधलेली.

गोळ्यांनी गुण आला. फिट दोन-तीन महिन्यांनी एखादी, अशी झाली. मी अकरावीची मॅट्रिक पास झाले आणि सांगलीच्या अध्यापक विद्यालयात डी.एड.ला माझं नाव लागलं. गावातून शिकायला बाहेर पडणारी मी पहिली मुलगी. वसतिगृहात राहायचं होतं. मी पत्र घेऊन नाचत घरात आले.

आई पत्राकडे बघतच राहिली. "आन रातीला तुला कोण बगणार? मी येऊ तिथं पदर घिऊन?"

"आये, तिथं मुली असत्यात की."

"मुली झोपत्यात. आई झोपती व्हय?"

ती म्हणाली, न्हाई म्हंजी न्हाई. मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी आजानं मध्ये तोंड घातलं.

"सूनबाई, मी खाट करतो. खाट बगंल तिला."

"आवं मामंजी, खाटंला काय डोळं असत्यात?"

"डोळं कशाला? कान आसलं म्हंजी झालं."

कळप दारात

आजाचं म्हणणं असं. दवाखान्यात कॉटखाली झोपून त्यानं सहा दिवस त्या लोखंडी जाळीची कुरकुर ऐकली होती. मी कूस बदलली की कुरकुर एकदा होई आणि थांबे. फिट आली तेव्हा ती वेगळी झाली, एकसारखी, न थांबता. हे त्याला नवीन नव्हतं. जन्मभर तो रानात मेंढ्यांच्या घंटा ऐकत झोपला होता.

"चरणारी मेंढी आसली तर घंटा खंड घिऊन वाजती," तो मला सांगू लागला. "टण्... मग गप... मग टण्. अंग खाजवती तवा चार-दोनदा बिगीबिगी वाजती आन थांबती. लांडगा आला तर समद्यांच्या वाजत्यात. आन येखादी तडफडाय लागली तर तिची येकटीचीच, येकसारकी वाजती. मी झोपेत बी वळखतो."

गावच्या सुताराकडून त्यानं एक लाकडी खाट करून घेतली. पाय इतके आखूड की जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच. खाली पडलं तर पडणारीलाच हसू यावं. वर घट्ट नवार. कडेला हातभर उंच फळ्या, त्यांना आतून लोकरीचं जाड घोंगडं दुहेरी घालून शिवलेलं. ते त्यानं स्वतः दाभणानं शिवलं, रोज सुताराशी भांडत. "गव्हाण केली की हो," सुतार म्हणाला. आजा म्हणाला, "व्हय. पर लय लाखाची वस्तू हाय आत." आजानं माझं एवढं कौतुक त्या एकदाच केलं, तेही सुताराजवळ.

शेवटी नवारीच्या मध्याखाली, जमिनीला टेकणार नाही अशी, एक पितळी घंटा टांगली. घंटा कुठली? म्होरक्या मेंढीच्या गळ्यातली. घरात तेवढीच चांगल्या आवाजाची होती. यात काही चुकतं आहे हे तीन पिढ्यांच्या धनगरालाही सुचलं नाही आणि आम्हालाही.

पंधरा दिवस खाट नुसतीच टणटणली. कूस बदलली, टण्, की आई ताडकन उठे. आजा शेजारच्या खोलीतून ओरडे, "चरतीया! झोप!"

मग एका पहाटे फिट आली. घंटा एकसारखी वाजू लागली. आजा आणि आई उठून माझ्याकडे येताहेत तोवर अंगणात वाघूर मोडली. वाघूर म्हणजे मेंढ्या कोंडायची दोरीची जाळी. आपल्या म्होरक्याची घंटा घरातून इतक्या घाईनं बोलावते आहे म्हटल्यावर वीसच्या वीस मेंढ्या जाळी तुडवून दारात आल्या आणि दोन-चार धीट घरातही शिरल्या. आईनं मला कुशीवर वळवलं ते एका हातानं, दुसऱ्या हातानं मेंढी ढकलत.

मी डोळे उघडले तेव्हा माझ्या तोंडाजवळ एक काळं तोंड रवंथ करत होतं. मागं दारभर मेंढ्या. त्यांच्यामध्ये आजा हातात कंदील घेऊन गुडघाभर लोकरीत उभा. आणि आई हसत होती. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. दोन वर्षांत ती हसलेली मी बघितली नव्हती. अंग ठणकत असताना, जीभ सुजलेली असताना मीही हसले. त्या दिवशी अंगावर एक ओरखडा नव्हता. घोंगड्यानं आपलं काम केलं होतं.

मेंढ्यांची घंटा आजानं मेंढ्यांना परत केली.

घंटा निवडणं

नवी घंटा घ्यायला आम्ही सांगलीच्या बाजारात गेलो. भांड्यांच्या दुकानात आजानं ओट्यावर बसून एकेक घंटा कानाशी धरून वाजवली. ही म्हशीची, ही देवळातली, ही आईस्क्रीमवाल्याची. दुकानदार कंटाळून म्हणाला, "आजोबा, घ्यायची आहे की भजन करायचं आहे?" अखेर आजाला एक लहान, उंच आवाजाची पटली. कुठल्या मेंढीनं ती कधी ऐकलेली नव्हती, एवढ्यासाठीच पटली.

तिथून वसतिगृहात. रेक्टरबाई चष्मा लावून डॉक्टरांची चिठ्ठी वाचत होत्या, आजा खाटेचं आणि घंटेचं सांगत होता आणि मी बाईंच्या भुवया बघत होते.

"हे बघा आजोबा, चाळीस मुली आहेत माझ्याकडे. पहाटे हिला काही झालं तर जबाबदारी कोणाची? हिच्या खोलीत राहायला कोण तयार होणार?"

आजानं घोंगडं खांद्यावर टाकलं आणि काठी उचलली. मला वाटलं, संपलं. आता परतीची एसटी, आणि जन्मभर पदर.

दारात एक उंच मुलगी लोखंडी ट्रंक घेऊन आपल्या नंबराची वाट बघत होती. आष्ट्याची सुमन. घरचा ऊस, भाऊ फौजेत. ती आजाच्या घोंगड्याकडे बघत म्हणाली, "आजोबा, तुमी मेंढरंवालं का? आमच्या रानात दरसाल कवठ्याकडचा कळप बसतो."

"कुणाचा?"

तिनं नाव सांगितलं. ते माझ्या आप्पांचं होतं. "त्यो माजा ल्योक," आजा म्हणाला.

"आवं, मग ही तर आमची निगाली!" सुमननं ट्रंक खाली ठेवली. "बाई, मी ऱ्हाते हिच्यासंगं. घंटा ऐकत तर मी लहानाची मोठी झाले."

रेक्टरबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "एक महिना बघू. गडबड झाली तर मुलीला घरी न्यावं लागेल."

लिंबाखालचा वर्ग

खाट एसटीच्या टपावरून आली. आजा तिच्याबरोबर आला आणि परत जायचं नाव घेईना. "नुसती घंटा काय कामाची? ऐकणारं शिकवाय पायजे." दुपारी त्यानं वसतिगृहाच्या अंगणात लिंबाखाली खाट मांडली, आमच्या बाजूच्या खोल्यांतल्या मुलींना पाठमोरं बसवलं आणि स्वतः खाटेवर आडवा झाला.

मग त्यानं कूस बदलली. टण्.

"चरतीया!" सुमन म्हणाली. बाकीच्या खिदळल्या.

तो उठून बसला, पाणी प्यायला, खोकला, पुन्हा आडवा झाला. प्रत्येक वेळी मुलींनी ओळखायचं. तासाभरात त्या तरबेज झाल्या. मग तो म्हणाला, "आता गप ऐका." आणि त्यानं अंग थरथरवलं. घंटा एकसारखी वाजली. कुणी हसलं नाही. मी पहिल्यांदाच माझं दुखणं बाहेरून ऐकत होते. वाटलं होतं तेवढं ते भयंकर नव्हतं. एका लहान घंटेइतकंच होतं.

आवाज ऐकून रेक्टरबाई आल्या. मुलींनी त्यांनाही पाठमोरं बसवलं. घंटा वाजली तशा त्या ताडकन उठल्या, "फिट! कुशीवर वळवा!"

"न्हाई बाई," आजा म्हणाला. "पाठ खाजवत हुतो."

सगळ्या वर्गासमोर रेक्टरबाई नापास झाल्या. आणि मग त्या स्वतःच इतक्या हसल्या की चष्मा पुन्हा पुसावा लागला.

महिना भरायला चार दिवस

तो महिना मी दिवस मोजत काढला. गोळी वेळेवर, झोप वेळेवर. अभ्यासात मन नसे. फिट येऊच नये म्हणून मी कधी न मानलेल्या देवांचेही पाय धरले. महिना भरायला चार दिवस होते आणि ती आली.

मला आठवतं ते जाग आल्यानंतरचं. मी डाव्या कुशीवर. माझं डोकं सुमनच्या तळहाताशी. जिभेला मीठ लागावं तशी चव. खिडकीत नुकतं फटफटलेलं. आणि दारात मुली. आमच्या बाजूच्या, पलीकडच्या, वरच्या मजल्यावरच्यासुद्धा, विस्कटलेल्या वेण्या, अंगावर चादरी, एकीच्या खांद्यावरून दुसरी डोकावते आहे. सगळं दार भरलेलं.

मला हसू फुटलं. जड जिभेनं मी म्हणाले, "मेंढ्या."

"काय म्हणते ती?" रेक्टरबाईंनी विचारलं. त्या खाटेशेजारी जमिनीवर बसल्या होत्या, हातात घड्याळ धरून.

"काय न्हाई बाई, वळखलं तिनं आमाला," सुमन म्हणाली. मागाहून तिनं मला सांगितलं, "घंटा वाजली तवा मला वाटलं, मी आमच्याच रानात हाय. गार फरशीवर पाय पडला तवा खरी जागी झाले. लय भ्याले हुते गं. पर हात आपोआप चाललं."

आता निकाल. मी रेक्टरबाईंकडे बघत होते. लाजेनं चादर हनुवटीपर्यंत ओढली होती, कारण परकर ओला होता. त्यांनी घड्याळ मनगटाला बांधलं आणि त्या उठल्या.

"दोन मिनिटं," त्या म्हणाल्या. "सुमन, हिला गरम पाणी दे अंघोळीला. आणि बाकीच्या इथं काय करताय? आवरा, प्रार्थनेला उशीर होतोय."

एवढंच. घरी न्यायचा विषय त्यांनी त्या दिवशी काढला नाही आणि दोन वर्षांत कधीच काढला नाही. मी अंघोळीच्या खोलीत पोटभर रडले. तसलं रडणं मला पुन्हा चालेल.

दिवाळीची सुट्टी

घरी मी पत्र घातलं होतं. आमच्या शाळेच्या मास्तरांनी ते आईला दोनदा वाचून दाखवलं म्हणे. तरी दिवाळीला घरी आले तेव्हा तिनं तेच तीनदा विचारलं. कुणी वळवलं? कशी वळवली? तुझं डोस्कं कुटं हुतं? मी तीनदा सांगितलं. सुमनचा तळहातसुद्धा दाखवला, माझ्या हातावर.

आजानं घरी दुसरी तशीच बुटकी खाट करून ठेवली होती. मी घंटा पिशवीतून आणली होती, ती त्यानं खाली टांगली. आई माझ्या खाटेजवळ जमिनीवर आडवी झाली. सवयीनं तिनं पदराचं टोक हातात घेतलं. मीही सवयीनं मनगट पुढं केलं. पण गाठ काही बसेना. बघते तर तिचे डोळे मिटले होते. टोक तिच्या मुठीतच राहिलं होतं. मी हात मागं घेतला आणि झोपले.

सकाळी जाग आली ती मेंढ्यांच्या ओरडण्यानं. उन्हं दारापर्यंत आली होती. आमच्या घरात उन्हं येईपर्यंत कधी कुणी झोपलेलं मला आठवत नव्हतं. चूल थंड होती. आई तशीच पडली होती, तोंड उघडं, मूठ सुटलेली, पदर जमिनीवर. आणि ती घोरत होती. आईला घोरताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. सावकाश, मध्येच गप, मग पुन्हा सुरू.

मला वाटलं, तिला बरं नाही की काय. मी खाली वाकून तिला हलवणार, तेवढ्यात दारातून आजानं काठी वर करून मला थांबवलं. तो उंबऱ्यावर बसला होता. कधीपासून बसला होता, कोण जाणे. कान घराकडे लावून तो थोडा वेळ ऐकत राहिला.

"चरतीया," तो हळूच म्हणाला. "चरू दे."